नाटक कोठे असते?

कामगार संघटनेच्या कामात तीस वर्षे घालवलेला माणूस नाट्यसंहितेवर बोलावयास उभा राहतो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते दुसऱ्या पाळीवरून सुटल्यावर घरच्या दिव्याखाली आणि १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांवर. तेव्हा आज येथे जे मांडणार आहोत, ते पंडिताचे प्रतिपादन म्हणून ऐकू नये. एका वाचकाची शंका म्हणून ऐकावे.

मात्र लिहिलेल्या शब्दाशी आमचा व्यवहार रोजचा आहे. वाटाघाटीच्या टेबलाशी व्यवस्थापन तोंडाने दहा गोष्टी कबूल करते, करारात त्यांतल्या सात उतरतात आणि तीन वर्षांनी भांडण उभे राहिले म्हणजे त्या सातच खऱ्या ठरतात. उरलेल्या तीन गोष्टी दहा माणसांनी कानांनी ऐकलेल्या असतात, पण त्यांना कागद नसतो. हा अनुभव गाठीशी घेऊन आम्ही रंगभूमीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तेथेही तोच तंटा चालू असलेला दिसला. अभ्यासक विचारतात की नाटक कोठे असते? लिहिलेल्या कागदात, की नटाच्या तोंडी आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे?

प्रश्न जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आणि त्यांतल्या वाचिकाला, म्हणजे शब्दाला, नाट्याचे शरीर मानले. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने आणखी पुढे जाऊन म्हटले की शोकात्मिकेचा प्रभाव प्रयोगावाचून आणि नटांवाचूनही पडू शकतो. पण त्या उंचीवर आम्हांला फार वेळ उभे राहता येत नाही. आपण घरातलाच एक साधा प्रश्न घेऊ. पहिले मराठी नाटक कोणते?

याची उत्तरे एकाहून अधिक आहेत, आणि प्रत्येकाच्या हाती काहीतरी पुरावा आहे.

शाळेत शिकवतात ते उत्तर सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, म्हणून ५ नोव्हेंबर हा आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. दुसरे उत्तर तंजावरचे. तेथील भोसले घराण्यातील शाहराजे यांचा राज्यकाल १६८४ ते १७१२. त्यांची मराठी नाटके हस्तलिखितांत सापडली आणि 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाव घेऊन संशोधकांनी मराठी नाटकाचा आरंभ दीडशे वर्षे मागे नेला. तिसरे उत्तर पुण्याचे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. चौथे उत्तर विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या १८६१ सालच्या नाटकाचे. स्वतंत्र, सलग लिहिलेले आणि छापून आलेले नाटक म्हणून त्याचा मान.

आता पाहा. प्रयोग मोजला तर भावे पहिले. कागद मोजला तर तंजावर पहिले. सामान्य माणसाच्या जगण्यावर लिहिलेले गद्य नाटक शोधले तर फुले पहिले आणि छापील पुस्तक हाती हवे असेल तर कीर्तने पहिले. तंटा साल-सनावळीचा दिसतो, पण मुळात तो नाटक म्हणजे काय याचा आहे. आपण काय मोजतो, त्यावर कोण पहिला हे ठरते.

भाव्यांच्या खेळाची रीत आपण ध्यानात घेतली पाहिजे. कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून त्यांनी हा घाट घातला. पदे रचलेली असत आणि ती सूत्रधार गाई. कथा पुढे नेणारा तोच. पात्रे प्रवेश करीत, पदाचा आशय हावभावांनी दाखवीत आणि मग आयत्या वेळी सुचेल ते भाषण बोलत. राक्षस आरडाओरडा करीत येत, म्हणून पुढच्या सुशिक्षितांनी या नाटकांना 'अललडुर्र' असे टोपणनाव ठेवले. भाव्यांनी आपली पदे १८८५ साली 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने छापली, म्हणून ती राहिली. पण सीता काय बोलली, रावणाने धनुष्य उचलताना कोणती बढाई मारली, त्या रात्री लोक कशाला हसले, यातले काहीही राहिले नाही. ज्या दिवशी आपण रंगभूमी दिन पाळतो, त्या दिवशीच्या नाटकातले एकही संवादाचे वाक्य आपल्यापाशी नाही.

'तृतीय रत्न'ची गत नेमकी उलटी झाली. जोतीरावांनी ते लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ही हकीगत जोतीरावांनी स्वतःच पुढे 'गुलामगिरी'त, १८७३ साली, नमूद करून ठेवली आहे. नाटक छापले गेले नाही. पण कागद टिकला आणि १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात ते छापून आले. लिहिल्यापासून छापेपर्यंत एकशे चोवीस वर्षे गेली! त्यात एक गरीब कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे, ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे आणि मध्ये मध्ये टोचून बोलणारा विदूषक आहे. शेवटी ते नवरा-बायको काय ठरवतात? रात्रीच्या शाळेत जाऊन लिहावयास-वाचावयास शिकण्याचे. ज्या नाटकाचा शेवट अक्षरओळखीपाशी होतो, ते नाटक अक्षरांमुळेच जगले, हे आम्हांला फार बोलके वाटते. भाव्यांना प्रेक्षक मिळाले आणि संवाद गेले. फुल्यांना प्रेक्षक मिळाले नाहीत, पण शब्द राहिला.

कीर्तन्यांनंतर सलग लिहिलेल्या नाटकांची चाल पडली. त्यांना 'बुकिश' नाटके म्हणत. नाटक मंडळीत संपूर्ण पुस्तक बहुधा तालीममास्तरांपाशी असे. नटाला त्याच्या भाषणांपुरती उतरवलेली प्रत मिळे. तिला नाटकवाले 'नक्कल' म्हणत आणि ती पाठ झाल्यावाचून उभे राहता येत नसे. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडातही हीच रीत होती. नटाच्या हाती त्याच्या वाक्यांची गुंडाळी आणि आधीच्या पात्राचे शेवटचे दोनचार शब्द, एवढेच. शेक्सपिअर १६१६ साली वारला. त्यानंतर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच्या दोन सहकारी नटांनी त्याची नाटके एकत्र छापली. तोवर त्यांतली अठरा कोठेच छापलेली नव्हती. त्या दोघांनी कागद गोळा केले नसते, तर 'मॅकबेथ' आज बहुधा आपल्यापाशी नसते. नाटक नटांनी वाचवले, पण वाचवले कागदावर.

कागदाला दुसरी बाजू आहे, ती विसरता येत नाही. जे लिहिले ते टिकते, तसेच जे लिहिले ते पकडताही येते. आयत्या वेळी बोललेल्या भाषणावर सरकारला हात टाकणे अवघड. १८७६ साली इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर बंदी घालता येईल असा कायदा केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. पात्रे सारी महाभारतातली, नावे महाभारतातली. पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत देश पाहिला. आपल्या नाशकात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा'चा प्रयोग होता आणि तेथेच अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. नाटकगृह म्हणजे केवळ करमणुकीची जागा, असे त्यानंतर कोणता अधिकारी मानणार? पुढल्याच वर्षी, १९१० साली, 'कीचकवधा'वर बंदी आली. येथे एक गोष्ट लक्षात येते. कर्झनचे नाव संहितेत कोठेही नव्हते. ते प्रेक्षकांनी आपल्या मनाने घातले होते. म्हणजे संहिता पुरती कागदावर कधीच नसते. तिचा काही भाग ऐकणाऱ्याच्या काळजात लिहिलेला असतो.

आता सिनेमाकडे वळू, आणि त्यासाठी नाशिक सोडण्याचे कारण नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी मुंबईत दादरला बनवला आणि तो ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. त्यानंतर ते नाशकास आले, येथे त्यांनी स्टुडिओ मांडला आणि १९४४ साली त्यांचा देह येथेच पडला. चित्र हलत होते, पण बोलत नव्हते. मग शब्द कोठे होता? तो पाटीवर होता. दोन प्रसंगांच्या मध्ये पडद्यावर अक्षरे येत, 'राजा हरिश्चंद्रा'त हिंदी आणि इंग्रजी. ज्या देशात वाचता येणारे थोडे, तेथे चित्रपटातला शब्द पाटीवर होता! तेव्हा मूकपटाच्या थिएटरात ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यासाठी मोठ्याने वाचे. पाटी एक, पण ती वाचणारा आपल्या बोलीत ती सांगे आणि पदरचे दोन शब्दही घाली. भाव्यांचा सूत्रधार अशा रीतीने प्रेक्षकांत येऊन बसला होता, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

१९३२ साली प्रभात कंपनीने तीच हरिश्चंद्राची कथा घेऊन 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, आणि गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत. शब्द पाटीवरून उठून ओठांवर आला. निरक्षर माणसाला आता शेजाऱ्याची गरज उरली नाही. पण त्याबरोबर नवी अडचण आली. पाटी बदलली की मूकपट कोणत्याही प्रांतात चाले. बोलपटाला भाषा ठरवावी लागली. प्रभातला तोच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा करावा लागला. शब्द ऐकू येऊ लागला आणि त्याबरोबर त्याला सीमाही पडल्या.

संवाद आले तसा संवाद लिहिणाराही आला. आपले कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, यांनीही उमेदीच्या वयात नाशिकच्याच गोदावरी सिनेटोनसाठी लेखन केले होते. सिनेमाचा लेखक हा कारखान्यातल्या कामगारासारखाच एक कामगार आहे, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. अमेरिकेतल्या चित्रपट-दूरदर्शन लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत मोबदला तर होताच, पण लेखकाचे काम यंत्राकडून करून घेण्यावर बंधन असावे, हीही मागणी होती. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला कायद्याचे बळ मिळाले. शब्द कोणाचा, हा प्रश्न शेवटी भाकरीपाशी येतो.

आणि शब्द टिकतो किती? बोलपटांत हिंदुस्थानातला पहिला 'आलम आरा', १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्रा'ची जी थोडी रिळे उरली, ती मूळची की नंतर पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. फीत जळते, विरघळते. याउलट शिरवाडकरांचे 'नटसम्राट' पाहा. १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी ते उभे केले, पुढे किती नटांनी ती भूमिका केली आणि २०१६ साली त्यावर चित्रपट आला. कागद एक, आप्पासाहेब बेलवलकर अनेक. सातपूरच्या उपाहारगृहात त्यातली स्वगते तोंडपाठ म्हणणारे फिटर आम्ही ऐकले आहेत. त्यांतल्या काहींनी ते नाटक कधी पाहिलेही नव्हते. तेथे संहिता कागदावरून उठून माणसांत राहावयास गेली होती.

परंतु श्रोतेहो, हा सारा इतिहास ज्यांच्यापाशी कागद होता त्यांचा झाला. ज्यांच्यापाशी नव्हता त्यांचे काय?

आपल्याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक यांचे नाव येथे घेतले पाहिजे. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला आणि त्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. कर्डकांचा जलसा त्यांत आघाडीवर. तमाशाचा बाज घ्यावा, त्यातला शृंगार बाजूला ठेवावा आणि सवाल-जवाबांतून, हास्यातून समतेची शिकवण द्यावी, अशी त्यांची रीत. दिवसभर राबून आलेल्या माणसांपुढे रात्री हे खेळ होत. समोर कोण बसले आहे, गावात काय घडले आहे, हे पाहून बोलणे बदलत असे. असे किती जलसे झाले आणि विरून गेले! कर्डकांनी मात्र म्हातारपणी ते लिहून काढले, पुस्तक १९७८ साली निघाले आणि आज संशोधक त्या पुस्तकाच्या आधारे बोलू शकतात. अण्णाभाऊ साठे यांनी लाल बावटा कलापथकासाठी लोकनाट्ये रचली. तीही लिहिली गेली म्हणून अभ्यासक्रमांत आली. ही दोन नावे घेतली, पण त्यांच्या मागे ज्यांची नावेही राहिली नाहीत अशी माणसे उभी आहेत, हे आम्हांला सारखे जाणवते.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती सांगताना आम्हांला थोडा संकोचही वाटतो. १९९६ च्या पावसाळ्यात सातपूरच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. त्या काळात गेटसमोरच्या मांडवात बारा कामगारांनी मिळून एक पथनाट्य बसवले. लेखक असा कोणी नव्हता. एकाने मालक व्हावे, एकाने मुकादम व्हावे, एकाने घरी वाट पाहणारी बायको व्हावे आणि ज्याला जे सुचेल ते त्याने बोलावे. रोज नवे काही सुचे. पगाराच्या तारखेला रिकाम्या हातांनी घरी गेलेल्या माणसाचा प्रसंग होता, तो पाहताना मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. शहरात आणखी चार ठिकाणी तो खेळ करावा असे ठरले, तेव्हा चौकीवरून विचारणा आली की काय बोलणार ते लिहून द्या.

लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही एका रात्रीत दोन पाने लिहिली. त्यात मालक भला होता, मुकादम विनोदी होता आणि शेवटी सर्वांनी मिळून व्यसनमुक्तीची शपथ घेतली होती. परवानगी मिळाली. खेळ अर्थातच आमचा जो होता तोच झाला. त्या वेळी आम्हांला आपल्या हुशारीचे मोठे कौतुक वाटले होते.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील विद्यार्थिनी आमच्याकडे आली. कामगारांच्या पथनाट्यांवर ती प्रबंध लिहीत होती. तिने विचारले, काका, त्या नाटकाची संहिता आहे का? आम्ही कपाट उघडले, जुनी फाईल काढली, आणि फाइलीत होती ती तेवढी दोन पाने. चौकीसाठी लिहिलेल्या कागदाची स्थळप्रत! आमच्या अक्षरातली, तारखेसह, चौकीच्या शिक्क्यासह. पुरावा म्हणून पाहिले तर याहून पक्का पुरावा नाही. ती मुलगी हरखून गेली. क्षणभर आमच्याही मनात आले की देऊन टाकावी. कोण विचारणार आहे? मग वाटले, असे केले तर पन्नास वर्षांनी कोणी वाचील की १९९६ साली उपाशी राहिलेल्या कामगारांनी गेटवर व्यसनमुक्तीचे नाटक केले. तिला बसवले, चहा दिला आणि खरे काय ते सांगितले.

बारांपैकी पाच जण आता हयात नाहीत. उरलेल्यांपैकी चौघांना आम्ही घरी बोलावले आणि त्या मुलीने वही उघडली. पगाराच्या तारखेचा प्रसंग प्रत्येकाने वेगळा सांगितला. एकाच्या मते बायको रडत नव्हती, ती हसून वाढायला बसत होती. दुसरा म्हणाला, मूल रडत होते. तिसऱ्याने तर बायकोचे शेवटचे वाक्य म्हणून दाखवले आणि चौथा म्हणाला की हे वाक्य तिचे नव्हेच, ते मालकाचे. वाद बराच वाढला. शेवटी ती मुलगी म्हणाली, काका, मी चारही लिहून घेते.

आमच्या मते तिने केले तेच शास्त्रशुद्ध. नाटक कागदात असते की प्रयोगात, याचा निकाल आम्ही लावू शकत नाही. पण एवढे दिसते की सत्तेच्या समाधानासाठी लिहिलेला कागद पक्का असतो, शिक्क्यासह असतो आणि तरीही खोटा असू शकतो. उलट माणसांच्या आठवणीतला शब्द डळमळीत असतो, चार तोंडी चार प्रकारचा असतो आणि तरीही खरा असू शकतो. अभ्यासकाने दोन्ही जपावेत, पण कोणता कशासाठी लिहिला गेला ते वर नोंदवावे. आमची ती दोन पाने आता त्या वहीतच लावलेली आहेत आणि त्यांवर आम्ही आमच्या हाताने लिहिले आहे, 'चौकीसाठी लिहिलेला मजकूर'.

गोदाकाठच्या या पटांगणात आज बसलेल्या मंडळींपैकी कित्येकांनी कारखान्याच्या गेटवर, गणपतीच्या मांडवात, वस्तीच्या चौकात कधीतरी एखादे नाटक केले असेल, त्यात काम केले असेल किंवा निदान ते पाहिले असेल. ते कोणी लिहून ठेवलेले नाही. जे आठवते ते घरी जाऊन एखाद्या वहीत उतरवून ठेवा. दुसऱ्या कोणाला वेगळे आठवत असेल तर तेही त्याखालीच लिहा, खोडू नका.